‘सॅड’च्या पुढचे शब्द : रिग्रेट, रिमोर्स, मॉर्टिफाइड वगैरे

‘सॅड, हॅपी, अँग्री सोडून जरा वरच्या पातळीचे शब्द सांगा’ अशी विचारणा शब्दचर्चेत वरचेवर होते. उत्तरादाखल कुणीतरी एक यादी चिकटवतं: मेलंकली, डिस्पाँडंट, डिजेक्टेड, फॉर्लर्न. चारही शब्दांपुढे अर्थ एकच, ‘दुःखी’. अशा याद्यांनी फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे. वाचणाऱ्याचा समज होतो की हे सगळे ‘सॅड’चेच भारदस्त अवतार आहेत, त्यातला कुठलाही उचलावा. वस्तुतः डिजेक्टेड माणूस निकाल मनासारखा लागला नाही म्हणून खट्टू झालेला असतो आणि आठवडाभरात सावरतो. डिस्पाँडंट माणसाची उमेदच गेलेली असते. फॉर्लर्नला कुणी सोडून गेलेलं असतं, त्यात एकटेपणा आलाच. मेलंकलीला नेमकं कारण लागत नाही आणि ती रेंगाळते. दुःख कशाचं, कुणामुळे, किती टिकलं, त्यात आपला दोष किती, एवढं विचारलं की यादीतले बरेचसे शब्द गळून पडतात.

मराठी माणसाला हे जड जायचं कारणच नाही. पेपरात येत असलेलं गणित वेळेअभावी राहिलं तर चुटपुट लागते. आजारी मावशीला भेटायचं राहून गेलं आणि ती गेली, तर रुखरुख. ओळखीतल्या कुणाचं उभं पीक गारपिटीत गेलं तर आपण हळहळतो. मुलगी पहिल्यांदा शिकायला परगावी निघाली की हुरहूर. यांची अदलाबदल आपल्या हातून होत नाही. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र सगळ्यांना सरसकट ‘सॅड’ किंवा ‘बॅड’.

सर्वांत जास्त घोळ पश्चात्तापाच्या शब्दांत होतो, म्हणून तिथे थांबते.

रिग्रेट हा सैल शब्द आहे. त्यात स्वतःची चूक असलीच पाहिजे असं नाही. नोकरीच्या नकारपत्रात ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ असतं, तेव्हा लिहिणाऱ्याला अपराधी वाटत नसतं. गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा आठवा: ‘द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ मराठीतली ‘दिलगिरी’ इथे चपखल बसते. न घेतलेल्या संधीबद्दल, न केलेल्या प्रवासाबद्दलही रिग्रेट चालतं.

रिमोर्सचं तसं नाही. लॅटिनमधल्या ‘चावणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला आहे. ‘रि’ म्हणजे पुन्हा. पुन्हा पुन्हा चावणारं काहीतरी. 1340 साली केंट परगण्यातल्या डॅन मायकेल नावाच्या भिक्षूने एक धार्मिक ग्रंथ फ्रेंचमधून इंग्रजीत आणला. त्याचं शीर्षक त्याने अस्सल इंग्रजी शब्दांत केलं: ‘अयेनबाइट ऑफ इनविट’, म्हणजे आतल्या जाणिवेचा पुन्हा पुन्हा चावा. आपण ‘माझं मन मला खातंय’ म्हणतो, तेच हे. म्हणून माझी कसोटी साधी आहे: जिथे ‘मन खातं’ म्हणता येईल तिथे रिमोर्स, नाहीतर रिग्रेट. मावशीला भेटायचं राहिलं, त्याची रुखरुख हे रिग्रेट. तिने निरोप पाठवूनही मुद्दाम गेलो नाही, तर रिमोर्स. कोर्टाच्या बातम्यांत ‘द अॅक्यूज्ड शोड नो रिमोर्स’ असं येतं; तिथे रिग्रेट लिहिलं तर वाक्यातली हवाच जाते. वापराच्या दृष्टीने एवढंच सांभाळा की याचं अनेकवचन करू नये आणि केलेल्या कृतीपूर्वी ‘फॉर’ लावावा.

याच घरातला काँट्राइट हा शब्द धर्माकडून आला. मूळ अर्थ रगडून भुगा झालेला. गर्व पार उतरून माणूस क्षमा मागतो तेव्हा तो वापरतात. ऑफिसच्या ईमेलला उशिरा उत्तर दिलं म्हणून काँट्राइट होऊ नये.

आता मॉर्टिफाइड. यात लॅटिनमधला मृत्यू आहे, म्हणून पुष्कळांना वाटतं की तो फार मोठ्या दुःखाचा शब्द असावा. कुणाच्या निधनानंतर ‘आय अॅम मॉर्टिफाइड’ लिहिलेलं मी वाचलंय, आणि लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असल्यामुळे फार वाईट वाटतं. मॉर्टिफाइड म्हणजे शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं. साहेबांविषयीची तक्रार चुकून साहेबांनाच मेसेज झाली, की माणूस मॉर्टिफाइड होतो. त्याच्या खालच्या पायरीवर एम्बॅरस्ड, आपलं ओशाळणं. शॅग्रिनमध्ये ओशाळण्याबरोबर चरफडही असते: हातातोंडाशी आलेला सामना गेला आणि तोही सगळ्यांसमोर. क्रेस्टफॉलन म्हणजे हिरमुसलेला, शब्दशः तुरा खाली पडलेला.

रागाकडे धावतं बघू. इंडिग्नंटला मराठीत तयार जोडी आहे, सात्त्विक संताप. अन्याय दिसल्याशिवाय तो येत नाही. भाजी करपली म्हणून कुणी इंडिग्नंट होत नाही. रिझेंटफुलमध्ये राग जुना असतो, मनात अढी धरून बसलेला. एग्झॅस्परेटेड म्हणजे त्याच त्याच त्रासाने मेटाकुटीला आलेला. लिव्हिडचा मूळ अर्थ काळानिळा. आपला रागीट माणूस लालबुंद होतो, त्यामुळे रंग जुळत नाही, पण तीव्रता तीच.

शेवटी काही फसवे शब्द. एनर्व्हेटेड ऐकायला ‘एनर्जी’सारखा वाटतो, अर्थ मात्र गळून गेलेला. बिम्यूज्ड म्हणजे गोंधळलेला. त्यात अम्यूज्डची करमणूक शोधू नये. सँग्विन म्हणजे आशावादी. जुन्या युरोपीय वैद्यकात शरीरात चार रस मानत, आणि रक्त प्रबळ असलेला माणूस उत्साही, म्हणजे सँग्विन, काळं पित्त वाढलेला मेलंकलिक. आपल्या वात-पित्त-कफ प्रकृतींची सवय असलेल्याला हे लगेच कळतं. रक्तपाताचा शब्द वेगळा, सँग्विनरी. आणि अॅम्बिव्हलंट म्हणजे ‘मला काही फरक पडत नाही’ असं नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1910 च्या सुमारास हा शब्द रूढ केला तो एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ओढ असलेल्या मनासाठी. परदेशातली नोकरी हवीही आहे आणि आईवडिलांना सोडवतही नाही, ती घालमेल अॅम्बिव्हलन्स. ज्याला फरकच पडत नाही तो इंडिफरंट.

प्रतिसाद : ताई, धागा वाचनखुणांत साठवला. एन्व्ही आणि जेलसी यांबद्दलही लिहा ना. दोन्हींना मत्सर म्हणायचं का?

उत्तर : माणसं मोजा. एन्व्हीला दोघं पुरतात: तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. जेलसीत मुळात तिसरा असतो: माझं जे आहे ते हा हिरावून नेईल, ही धास्ती. धाकट्या भावाच्या जन्मानंतर थोरलीला वाटते ती जेलसी. बोलताना इंग्रज लोकही एन्व्हीच्या जागी सर्रास ‘जेलस’ म्हणतात, त्यामुळे गप्पांत चालून जाईल, निबंधात फरक पाळावा. मराठीत एन्व्हीच्या सौम्य छटेला हेवा, कडवट छटेला मत्सर. असूया त्याहून अरुंद आहे, दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढत बसणं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी (म्हणजे मनात येऊन जाणाऱ्या, क्षणिक) भावांत असूया आहे, तिथेच अमर्षही आहे, अपमान सहन न होऊन उठलेला राग. रिझेंटमेंटचं भाषांतर अडलं तर अमर्ष जरूर आठवून पाहा, फक्त रोजच्या मराठीत तो आता बोलला जात नाही.

प्रतिसाद : मी न्यू जर्सीत असते. इथे ऑफिसात ‘शी वॉज नॉनप्लस्ड’ म्हणतात तेव्हा तिच्यावर काही परिणाम झाला नाही असाच अर्थ घेतात. मी शाळेत बरोबर उलटं शिकले होते.

उत्तर : शाळेत शिकलात ते मूळ. लॅटिनमध्ये ‘नॉन प्लस’ म्हणजे ‘याहून पुढे काही नाही’. बोलायलाही सुचत नाही, करायलाही सुचत नाही, अशी अवस्था. आपण निरुत्तर किंवा अवाक होतो तसं. अमेरिकेत ‘नॉन’मुळे तो नकारार्थी समजला गेला आणि ‘विचलित न झालेला’ हा अर्थ तिथे पसरला. आता दोन्ही अर्थ चालू असल्यामुळे लिहिताना मी हा शब्द टाळते. गोंधळलेल्यासाठी बफल्ड, शांत राहिलेल्यासाठी अनफेझ्ड.

प्रतिसाद : माझ्या मुलाच्या परदेशी साहेबांचे वडील गेले. तो ईमेल लिहितोय आणि ‘मॉर्टिफाइड’ घातला होता, तुमचा धागा वाचून काढला. मग काय घालावं? बिरेफ्ट चालेल का?

उत्तर : दादा, बिरेफ्ट घालू नका. त्याचा मूळ अर्थ लुबाडलं गेलेला, म्हणून ज्याचं माणूस गेलं त्याला तो लागतो. मुलगा स्वतःला बिरेफ्ट म्हणाला तर साहेबांचं दुःख त्याने आपल्याकडे घेतल्यासारखं होईल. साहेबांच्या कुटुंबाला बिरीव्ह्ड फॅमिली म्हणतात, पण तेही बातमीत किंवा परिपत्रकात, त्यांच्याशी बोलताना नव्हे. अशा वेळी इंग्रजी माणूस अगदी साधी भाषा वापरतो: ‘आय अॅम सो सॉरी अबाउट युअर फादर.’ त्यापुढे वडिलांविषयी साहेबांनी कधी काही सांगितलं असेल तर त्याचा एका वाक्यात उल्लेख करावा. काँडोलन्सेस घालायचाच असेल तर अनेकवचनात, आणि त्याआधी हार्टफेल्ट. आपल्याकडे सर्रास ‘हार्टफुल’ लिहितात, ते काढून टाका.