अळंबीसाठी झाडं लावायची थांबवायची का?

गवतकाडी: ब्रिटनमध्ये मेंढ्यांनी चरून चरून आखूड ठेवलेली जुनी कुरणं आहेत. पावसाळी शरदात तिथे वॅक्सकॅप अळंब्या उगवतात. लाल, पिवळ्या, पोपटी. बोट लावलं तर मेणचट. गुलाबी वॅक्सकॅपची टोपी आधी टोकदार असते, मग कड चिरत वर वळते, गिरकी घेताना झगा उडावा तशी. म्हणून तिला 'बॅलेरिना' म्हणतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती धोक्यातल्या प्रजातींत आहे. अशा कुरणांवर हवेतला कार्बन शोषायच्या नावाने झाडं लावणं थांबवा, एवढंच माझं म्हणणं.

सरळसोट: अळंबीचे बीजाणू वाऱ्याने उडतात. इथे नाही तर पलीकडच्या शेतात उगवेल. आणि उत्तर अमेरिकेत याच गटातल्या अळंब्या जंगलात वाढतात, मग झाडांचं एवढं वावडं कशाला? हवामान तापतंय आणि आपण भूछत्रं मोजत बसायचं!

गवतकाडी: अमेरिकेतला मुद्दा खरा आहे. पण युरोपातल्या या प्रजाती मुख्यतः उघड्या, निकस गवताळ जमिनीत सापडतात. आणि पलीकडच्या शेताचं म्हणाल, तर तिथे खत पडलेलं असतं. नत्र मिळालं की गवत माजतं, शेवाळ दबतं, अळंबीचं जमिनीखालचं जाळं संपतं. नांगर फिरला तरी तेच. पुन्हा यायला कित्येक दशकं लागतात. प्रयोगशाळेत वाढवून नेऊन लावायची सोय नाही. आययूसीएनने मार्च २०२५ पर्यंत १,३०० बुरशींचा आढावा घेतला. त्यातल्या किमान ४११ धोक्यात आहेत, ९१ तर खतं आणि प्रदूषणातून येणाऱ्या नत्र-अमोनियामुळे.

मधलीवाट: वेल्समधल्या कार्डिफच्या लॅनिशेन जलाशयाचा बांध बघा. १९व्या शतकातला मातीचा बांध, त्यावरचं गवत कापत राहिले, आणि आज तो वॅक्सकॅपसाठी संरक्षित आहे. कुंपण घालून 'निसर्गावर सोडलं' असतं तर झुडपं माजून सगळं गेलं असतं. मला त्यातली हीच गंमत वाटते, इथे माणसाने आणि मेंढीने हात काढून घेतला की नुकसान.

सरळसोट: म्हणजे मेंढ्या ठेवा, खत टाकू नका, उत्पन्न कमी घ्या. ही फुकटची चाकरी शेतकऱ्याने का करावी? झाडं लावली तर निदान अनुदान मिळतं.

गवतकाडी: तेच तर दुखणं आहे. झाडांची जागा ठरवताना उन्हाळ्यात फुलझाडं मोजतात. अळंबी तेव्हा जमिनीखाली, म्हणून कुरण 'टाकाऊ' ठरतं. पाहणी शरदात करा, किंवा मातीतला डीएनए तपासा, त्यात बाकी वेळीही पत्ता लागतो. आणि सांभाळायचे पैसे द्या.

सरळसोट: शरदातल्या पाहणीला माझी ना नाही. पण अळंबी सापडली की त्या शेतावर बंधनं येणार, हे शेतकऱ्याला कळत नाही का? पैसे आधी दाखवा. नाहीतर तो मातीचा नमुना द्यायच्या आधी खताची पोती आणून टाकेल.