मदत हवी आहे : 'निळ्या'चं मूळ कुठे शोधायचं?

मंडळी, रंगांच्या शब्दांची कुळं शोधतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

लाल रंगाचं सरळ आहे. संस्कृत रुधिर, रोहित, ग्रीक एरिथ्रोस, लॅटिन रुबेर, इंग्रजी रेड, सगळी आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या (या सगळ्या भाषांची पूर्वज मानलेली मूळ भाषा) एकाच धातूची, म्हणजे शब्दमुळाची, लेकरं. श्वेत आणि व्हाइटही सख्खे.

हिरवा मात्र भारी निघाला! हरित, हरि, हिरण्य, इंग्रजी यलो, गोल्ड, रशियन झिल्योनी (म्हणजे हिरवा), ग्रीक क्लोरोस (फिकट हिरवा-पिवळा) हे सगळे एकाच घरचे. आपला हिरवा आणि आपली पिवळी हळद (हरिद्रा) दोघांतही तोच 'हरि'. मग मूळ बोलणाऱ्यांना हिरवा-पिवळा वेगळे वाटतच नव्हते, की धातूचा अर्थच 'चमकणं' असा काही होता?

आता खरी अडचण. 'नील'ला युरोपात असा सर्वमान्य भाऊबंद सापडत नाही. संस्कृतातही तो गडद, काळपट छटेसाठी येतो. निळ्यासाठी मूळ भाषेत स्वतंत्र शब्दच नव्हता का?

जाता जाता, 'काळा' द्राविडी मुळाचा असल्याचं मत कितपत ग्राह्य धरतात? व्युत्पत्तीतल्या जाणकारांनी सांगावं. फक्त ध्वनिसाम्यावरचे अंदाज नकोत, ध्वनिबदलाच्या नियमांसकट उत्तर मिळालं तर फार बरं.