राष्ट्रीय सर्व्हेत दात मोजायचे तर कोणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा?

दंतकथा (धागाकर्ती)

परवा एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की एनएफएचएसमध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, सरकारचा घरोघरचा सर्व्हे) वजन, उंची, बीपी, शुगर सगळं घेतात मग दात का नाही बघत, घरात जाताच आहात तर दोन मिनिटं तोंड उघडायला सांगा की. ऐकायला छान वाटतं. मी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री केलंय, शाळांच्या ओसऱ्यांवर बसून शेकडो तोंडं बघितलीत, म्हणून हे "दोन मिनिटं" वाचून हसू आलं, मग जरा रागही आला.

वजनकाटा कोणीही धरला तरी ५२ किलो ते ५२ किलोच. दात तसे नसतात. तीच दाढ मला "सुरुवातीची कीड" वाटते, शेजारी बसलेल्या डॉक्टरला नुसती खोल खाच वाटते, आणि आम्ही दोघंही डिग्रीवाले. त्यात आपल्याकडे मिश्री. चाळीस वर्षं मिश्री लावलेल्या बाईच्या दाढेच्या खाचा इतक्या काळ्या असतात की नवा माणूस बत्तीसपैकी दहा दात किडलेले लिहून मोकळा होतो. विदर्भात तेच खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) करतो. फ्लोरोसिस (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दातांवर पडणारे डाग) तर विचारूच नका, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवटकडच्या गावात बोअरच्या पाण्याने पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. दात ओला असताना बघितला तर हलके डाग दिसतच नाहीत आणि कापसाने पुसून बघितला तर जास्त दिसतात. पुसायचं की नाही हे आधी ठरलं नसेल तर एका जिल्ह्यात फ्लोरोसिस "वाढतो" आणि शेजारच्या जिल्ह्यात "घटतो", पाणी तेच असून.

माझं म्हणणं एवढंच, की राष्ट्रीय सर्व्हेत दात घ्यायचे तर थोडेच तपासनीस घ्या, ते आधी एका मुख्य तपासनीसाबरोबर घासून एकसारखे करा (आमच्यात याला कॅलिब्रेशन म्हणतात), आणि सर्व्हे चालू असताना पुन्हा पुन्हा तपासा. हे जमत नसेल तर दात घेऊच नका. चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण तो वीस वर्षं लोकांच्या पीपीटीत फिरतो. डेंटल कौन्सिलने २००२-०३ ला देशभर मौखिक आरोग्य आणि फ्लोराइडचा सर्व्हे केला होता, ५, १२, १५, ३५-४४ आणि ६५-७४ या वयोगटांत, त्याचे आकडे आजही लोक कालचे असल्यासारखे देतात.

फिरस्ता७२

डॉक्टरीणबाई, असहमत. मी दोन मोठ्या सर्व्हेत फील्डवर होतो, डेंटल नाही, घरोघरचे. एनएफएचएस-५ मध्ये सहा लाखांवर घरं होती, सातशेवर जिल्हे. तुम्ही प्रत्येक जिल्ह्यात "घासून एकसारखा केलेला" डेंटिस्ट कुठून आणणार? आणि आणलाच तर तो दुपारी दोनच्या उन्हात डोंगरातल्या वाडीवर चालत जाणार? घरात गेल्यावर बाई चूल सोडून येते, खाट अंधारात, लाइट गेलेली, सासू म्हणते तोंड कशाला बघताय. मोबाइलच्या टॉर्चवर जे दिसतं ते दिसतं.

आशाताईला आठवडाभर शिकवा. तीन गोष्टी बघायला सांगा, दात किती आहेत, उघड भोक आहे का, तोंडात न बरी होणारी जखम किंवा पांढरा चट्टा आहे का. बास. चट्ट्याचं महत्त्व जास्त, एनएफएचएस-५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालीय असं सांगणारे एक टक्क्याच्या आसपास होते. लोक कॅन्सरने जातायत आणि तुम्ही ओला दात की कोरडा दात करताय.

दंतकथा

फिरस्ता, तुमच्या तीन गोष्टींतल्या पहिल्या दोन मला मान्य. उलट ते माझ्याच बाजूचं आहे, कमी बघा पण नीट बघा. अमेरिकेत नॅन्हेस म्हणून सर्व्हे आहे, त्यात २००५ ते २००८ दात डेंटिस्टने बघितलेच नाहीत, ट्रेनिंग दिलेल्या टेक्निशियननी बघितले, पण मग कामही तेवढंच साधं ठेवलं. चट्ट्याचं मात्र अवघड आहे, गालाच्या आतून चावल्याची रेघ आणि ल्युकोप्लाकिया (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पांढरा चट्टा) यात नवा माणूस गोंधळतो आणि घाबरवून सोडतो.

गणिती_गप्पा

दोघांचंही थोडं चुकतंय (काडी टाकतोय, पळू नका).

चूक असतेच. प्रश्न हा की चूक सगळीकडे सारखी आहे का. सगळे तपासनीस दहा टक्के जास्त कीड लिहीत असतील तर नाशिक आणि नंदुरबारची तुलना तरीही होते. धागाकर्ती "नाहीतर घेऊच नका" म्हणतायत ते टोकाचं आहे. अ‍ॅनिमियाचं बघा, बोट टोचून थेंबभर रक्तावर मोजलं म्हणून वाद झाला, एनएफएचएस-६ मधून ते काढलं आणि शिरेतल्या रक्तावर वेगळा सर्व्हे सुरू केला. पण तोपर्यंत त्याच आकड्यांवर धोरणं चालली ना? आकडाच नसता तर त्यावर भांडायलाही कोणी आलं नसतं.

दुसरं, "दोघा डॉक्टरांचं ९० टक्के जुळलं" असं कोणी सांगितलं तर टाळ्या वाजवू नका. समजा शंभर दात आहेत. दोघांनीही प्रत्येकी १० किडलेले सांगितले, पण त्यातले सामाईक फक्त ५. म्हणजे ५ वर "कीड" आणि ८५ वर "चांगला" असं जुळलं, एकूण ९०. छान वाटतं? नुसत्या योगायोगानेच ८२ जुळले असते, कारण बहुतेक दात चांगलेच असतात. योगायोग काढून टाकला की जो आकडा येतो त्याला कप्पा म्हणतात (कपाटातला नव्हे), तो इथे फक्त ०.४४ येतो. ०.८ च्या वर असला तर उत्तम समजतात. रिपोर्टमध्ये कप्पा नसेल तर मी तो बंद करून ठेवतो.

दंतकथा

कप्प्याचं एकदम बरोबर. पण "सगळीकडे सारखी चूक" हे कागदावर. फील्डवर चूक सारखी राहते कुठे? नाशिकला एक टीम, नंदुरबारला दुसरी. आणि एकाच माणसाची चूकही दिवसागणिक सरकते. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक खाच निरखतो, तिसऱ्या आठवड्यात पाठ धरलेली असते, मुलं रांगेत दंगा करतायत, तेव्हा "शून्य शून्य शून्य" (शून्य म्हणजे दात चांगला) असं धडाधड सांगत सुटतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ५ ते १० टक्के लोकांची तपासणी दुसऱ्यांदा करायची असते, तीही मध्ये मध्ये, शेवटच्या दिवशी एकदम नाही.

टाकीवरचा

मी डेंटिस्टच आहे, पण क्लिनिकवाला. माझा मुद्दा वेगळा, मला हे सगळं सर्व्हे प्रकरणच फोल वाटतं. एक्सरेशिवाय दोन दाढांच्या मधली कीड दिसत नाही. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर डोकं भिंतीला टेकवून बघणार, मग निम्मी कीड तशीही सुटणार, कप्पा ०.९ आला तरी काय उपयोग, दोघांनीही तीच कीड सोडली असेल! एकमत म्हणजे सत्य नव्हे. तो पैसा तालुक्याच्या दवाखान्यात खुर्ची आणि कॉम्प्रेसर घ्यायला द्या.

गणिती_गप्पा

@टाकीवरचा हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. पटला नाही, पण चांगला.

दंतकथा

टाकीवरचा, हो, सुटणारच. त्यासाठी कुठल्या अटीत तपासलं हे लिहून ठेवावं लागतं, म्हणजे पुढच्या वेळी त्याच अटी ठेवता येतात. हिरड्यांच्या बाबतीत हे फार नीट दिसलंय. नॅन्हेसवाले आधी अर्धंच तोंड आणि प्रत्येक दाताच्या दोन-तीनच जागा मोजायचे. २००९-१० पासून अक्कलदाढा सोडून सगळे दात, प्रत्येकाच्या सहा जागा, म्हणजे पूर्ण तोंडाला १६८ जागा. तेव्हा तिशीवरच्या ४७ टक्के लोकांना हिरड्यांचा आजार निघाला. जुन्या पद्धतीत बराच आजार नजरेतून सुटत होता. आता कोणी जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून "अमेरिकेच्या हिरड्या बिघडल्या" म्हटलं तर?

हातही मोजावा लागतो. प्रोबच्या (हिरडी तपासायच्या बारीक सळईच्या) टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असतो, त्याने हिरडीत २० ग्रॅमपेक्षा जास्त जोर लावायचा नाही. २० ग्रॅम म्हणजे किती हे कळायला आम्हाला शिकवलं होतं, प्रोब स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली ठेवायचा आणि नख पांढरं पडेपर्यंतच दाबायचं. पहिल्या दिवशी वर्गात सगळे नखं पांढरी करत बसलो होतो. जो जास्त दाबेल त्याच्या गावात हिरड्यांतून जास्त रक्त येणार, सोपं आहे.

माहेरवाशीण

मी डॉक्टर नाही, वाचनमात्र असते. आमच्या आईकडे एकदा अशी टीम आली होती. आईचे खालचे चार दात गेलेत. त्यांनी विचारलं कशाने गेले, किडून की हलून? आई म्हणाली "एक गंगूच्या बारशाला गेला, एक मी पडले तेव्हा, बाकीचे आठवत नाहीत." त्या पोरीने काय लिहिलं देव जाणे.

दंतकथा

😄 तिथेच सगळी गोची आहे. आमच्या फॉर्मवर दात किडून गेला तर कोड ४, दुसऱ्या कारणाने गेला तर ५. गंगूच्या बारशाला कोड नाही.

फिरस्ता७२

बरं डॉक्टरीणबाई, एक प्रामाणिकपणे सांगा. एवढं सांगताय, तुमच्या स्वतःच्या दोन तपासण्या जुळल्या का कधी?

दंतकथा

विचारलंत ते बरं केलंत. पहिल्या दिवशी मस्त जुळायच्या. पुढे एका झेडपी शाळेत चौथीतल्या एका पोराच्या खालच्या दाढेला मी सकाळी कीड लिहिली. दुसऱ्या दिवशी दुबार तपासणीत तोच पोरगा आला, मला आदल्या दिवशीचा कागद दाखवला नव्हता, मी "शून्य" सांगितलं. लिहिणारा माझ्याकडे बघायला लागला. मी पोराला विचारलं, काल काय खाल्लं होतंस रे?

फिरस्ता७२

मग?

दंतकथा

जांभळं.