अनुभव लिहा: दिवाणी दाव्यात अंगाशी येणारा प्रश्न आला तेव्हा

उलटतपासात असा प्रश्न आला की खरं उत्तर दिलं तर उद्या स्वतःवरच गुन्हा दाखल होईल, तेव्हा तुम्ही काय केलंत? नावं-गावं नकोत. दावा चालू असेल तर तपशीलही नकोत. सुरुवात मी करते.

एका भागीदारी फर्मचे हिशेब मी लिहायचे. भागीदारांचं बिनसलं, दावा लागला आणि मला साक्षीला बोलावलं. सरतपास, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूसाठीची पहिली साक्ष, शपथपत्रावर होता, तो निभावला. उलटतपासात समोरच्या वकिलांनी दोन वह्या उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या. तारीख एकच, रकमा वेगळ्या, अक्षर दोन्हीकडे माझं. "ही दुसरी वही कशासाठी लिहिलीत?"

टायपिस्टचा हात थांबला. मी म्हटलं, "साहेब, हे सांगितलं तर माझ्यावर केस होईल." मला वाटलं, सुटले. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "उत्तर द्यावं लागेल, बाई. तुमची हरकत नोंदवून घेतो." मालकांनी सांगितलं म्हणून लिहिली, एवढं बोलताना घशाला कोरड पडली. दोन रात्री झोप नव्हती.

मग कळलं की हरकतीच्या त्या एका ओळीचा मला केवढा आधार होता. असं द्यावं लागलेलं उत्तर साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम १३२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३७. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

पायवाट:
माझा घोळ उलटा झाला. ज्या व्यवहारावरून दावा होता, त्याबद्दल पोलिसांनी विचारलं तेव्हा वकिलांच्या सल्ल्यानं गप्प राहिलो. तिथे ते चालतं. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पोलिसांना देण्याचं बंधन नाही. तेच धरून दिवाणी कोर्टात गप्प बसलो, तर न्यायाधीशांनी चांगलंच खडसावलं. पोलिसांपुढे मौन, पिंजऱ्यात उत्तर आणि त्या उत्तराला संरक्षण, हा फरक मला त्या दिवशी समजला.

वकिली करतो, नाव नको:
घटनेचं कलम २०(३) सगळे सांगतात, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, पण ते आरोपीसाठी आहे. दिवाणी दाव्यातल्या साक्षीदाराला ते जसंच्या तसं लागू होत नाही. त्यातही १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की हस्ताक्षराचा नमुना किंवा बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे.

माझं कळकळीचं सांगणं सरतपासाच्या शपथपत्राबद्दल आहे. त्यात आपण होऊन लिहिलेलं कबुलीवजा वाक्य कोणी सक्तीनं वदवून घेतलेलं नसतं, त्यामुळे कलम १३७ चा आधार मागायला जागाच राहत नाही. पक्षकार घाईत सही करतात. मी प्रत्येक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवतो. हरकतही उत्तराच्या आधी घ्यायची, उत्तर देऊन झाल्यावर नाही. आणि हे संरक्षण फौजदारीपुरतंच आहे. त्याच दाव्यात ते उत्तर तुमच्या विरोधात जाऊ शकतं.

निशिगंध:
भावाला पिंजऱ्यात जायचीच भीती वाटली. प्रतिवादी असून साक्ष दिली नाही, सगळं वकिलांवर सोडलं. निकालात 'विद्याधर विरुद्ध माणिकराव' या सुप्रीम कोर्टाच्या १९९९ च्या निवाड्याचा दाखला आला: पक्षकार स्वतः साक्षीला उभा राहत नाही, तर त्याची बाजू खरी नाही असं धरता येतं. घर गेलं.

ओंजळ:
माझे काका "आठवत नाही, आठवत नाही" म्हणत राहिले. मग त्यांच्याच सहीचं पत्र पुढे आलं. खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि कलम १३७ तिथे वाचवत नाही. न्यायाधीशांनी ते पत्र त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, "आता आठवतं का?" काकांनी चष्मा काढला, पुसला आणि "हो" म्हणाले.