जेलातून सुटलेल्याचं मत

दादा, तुम्ही लिहिलं की एकदा जेलात गेलेल्याचं मत कायमचं जाते. आमच्या दारव्ह्याकडेही (यवतमाळ जिल्हा) लोक असंच समजतात, म्हणून राहवलं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) एवढंच सांगते, की तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेपर्यंत मतदान करता येत नाही. (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच डांबून ठेवलेल्याला तीही आडकाठी नाही.) सुटला, अगदी जामिनावर आला, तरी मत त्याचंच. २०१३ च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केलं की यादीत नाव असलेला माणूस तुरुंगात गेला, तरी त्याची मतदार म्हणून नोंद जात नाही.

आमच्या शेजारचे काका सुटून आले तर मतदार यादीत नावच नव्हतं. ‘गावात राहत नाही’ म्हणून काढलेलं. नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, ती त्यांना मिळालीच नाही. याचा मला अजून संताप येतो. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून त्यांनी तहसीलच्या चकरा मारल्या, नमुना ६ (नाव नोंदवायचा अर्ज) भरला, तेव्हा नाव लागलं. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तुमच्या ओळखीचं कुणी असं सुटून आलं असेल, तर त्याचं नाव आजच तपासा, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी नाव चढत नाही.