गोळी आईनं द्यायची, निस्तरायचं पण आईनंच?

खानापूरची थोरली :
"सांभाळायचा कंटाळा, म्हणून घरचे मतिमंदांना गोळ्या देऊन झोपवतात" असं काल इथं वाचलं. माझा भाऊ ३४ वर्षांचा. डोकं भिंतीवर आपटायचा, म्हणून आठ वर्षांपूर्वी रिस्पेरिडोन, म्हणजे मनोविकारावरची गोळी, सुरू झाली. तीच चिठ्ठी अजून चालू. वजन वाढलं, जीभ आपोआप हलते. या गोळीनं शुगरही वाढू शकते, पण मनोविकारवाले डॉक्टर म्हणतात, शुगर गावात तपासा. गावचे म्हणतात, ती गोळी आमची नव्हे. मग आईनं ठरवायचं?

निपाणीकर :
ताई, घरचे तेवढे साधे नसतात. आमच्या शेजारी पाहुणे यायचे असले की पोराला एकाऐवजी दीड गोळी. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ८६ आक्रमक मतिमंदांवरची चाचणी आली होती. कुणाला हॅलोपेरिडॉल हे तसलंच औषध, कुणाला रिस्पेरिडोन, कुणाला औषधच नसलेली गोळी. आक्रमकपणा तिन्हींनी उतरला, सगळ्यात जास्त औषध नसलेल्या गोळीनं. मग बंद करा की!

वडगावचे काका :
बंद करा म्हणे! आम्ही एकदम बंद केली. पोरगी नऊ रात्री झोपली नाही, बायकोच्या हाताला चावली. उतरवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, हळूहळू. आणि विचारायचं कुणाला? धारवाडला गेलो, कागद सगळे कन्नडात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना दिली, तर त्यावरूनही भांडण!

निपाणीकर :
काका, जन्म इथं गेला, कन्नड शिकायला कुणी अडवलं होतं?

वडगावचे काका :
तुम्ही शिकवू नका. पालकत्वाच्या कागदावर न वाचता सही केलीय मी. पोरीच्या आयुष्याची सही!

खानापूरची थोरली :
काका, तुमचं दुखणं खरं. पण आमचे डॉक्टर मराठीच बोलतात, तरी आठ वर्षांत शुगर बघितली नाही. दादा, दीड गोळी चूकच, मान्य. पण गोळी कशासाठी आणि परत कधी बघणार, हे सुरू करणाऱ्यानं चिठ्ठीवर लिहावं. वजन, शुगर, जीभ कोण तपासणार तेही. झोप, आपटणं आम्ही रोज वहीत टिपू. आणि भावाला विचारा की! गोळी पुढं केली की तो डोक्याला हात लावून "जड, जड" म्हणतो. आजवर एकाही डॉक्टरनं त्याच्याकडं बघून प्रश्न विचारलेला नाही.

निपाणीकर :
वहीचं पटलं. त्याला विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण दीड गोळीवाल्यांना मी सोडणार नाही.