बॅकस आणि लेबलावरचा एक शब्द

इंग्लंडची वाइन घ्यायची तर स्पार्कलिंगच, म्हणजे फेसाळच, बाकीच्या नुसत्या आंबट, असे एक मत ऐकू येते; ते मला अर्धेच पटते. ससेक्स आणि केंटमधल्या खडूच्या जमिनीत शार्डने आणि पिनो न्वार या द्राक्षजाती उत्तम येतात आणि थंड हवेत टिकून राहणारी त्यांची आम्लता स्पार्कलिंगला फार मानवते, हे खरेच आहे. पण बॅकस या पांढऱ्या द्राक्षाची साधी, न फेसाळणारी वाइन एकदा अवश्य चाखावी. ही जात मूळची जर्मनीतली. तरीही जूनमध्ये सरेतल्या एका मळ्यावर पेला नाकाशी नेला, तेव्हा कुंपणावर फुललेल्या एल्डरफ्लॉवरचाच वास त्यात उतरला आहे असे मला वाटले, आणि मागाहून जिभेवर कैरीसारखी आंबट चव बराच वेळ रेंगाळली.

खरेदी करताना मात्र लेबल नीट वाचावे. ‘इंग्लिश वाइन’ इंग्लंडात पिकलेल्या द्राक्षांचीच असते. ‘ब्रिटिश वाइन’ मात्र आयात केलेल्या आटीव द्राक्षरसापासून बनवलेली असते, आणि तिच्यावरून इंग्लिश वाइनची पारख करणे अन्यायाचे आहे. नाशिकला द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालते त्या ऑक्टोबरात इंग्लंडात द्राक्षतोडणी असते; जमल्यास मळ्यावर तेव्हाच जावे.